कारखान्याच्या दारापलीकडे : रासायनिक अभियंत्याची उमेदवारी

रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास काही आठवडे कारखान्यात पाठविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. आपल्या शाळेतून त्या शाखेकडे वळलेल्या अनेकांनी हे दिवस अनुभवले असतील. शेवटी एक प्रमाणपत्र हाती पडते, अहवाल बांधून घेतला जातो आणि प्रकरण संपते. या उमेदवारीतून नेमके काय साधावयाचे असते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आज तोच आपणांसमोर मांडावयाचा आहे.

वडोदऱ्याला हा प्रश्न परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापिले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनतज्ज्ञाकडे सोपविली. याच गज्जरांनी १९०७ मध्ये कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या साथीने अलेंबिकचा पाया घातला. वर्गात शिकविणारा मनुष्य कारखानाही उभारीत होता. पुढे कलाभवनातूनच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आकारास आली. साठच्या दशकात कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि राज्य खत कंपनी येथे उभी राहिली. या शहरातील विद्यार्थ्याला कारखाना पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. पण कारखाना जवळ असणे निराळे आणि तो समजणे निराळे.

तो समजणे म्हणजे काय, हे एका अनुभवावरून सांगतो. विद्यार्थिदशेत एका कारखान्यात मला एका हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे गरम तेल पाण्याने थंड करणाऱ्या उपकरणाचा, उष्णतेचा ताळेबंद मांडावयास सांगितले होते. आकडे सोयीसाठी पूर्णांकांत देतो. तासाला २०,००० किलो तेल ४० अंशांनी थंड होत होते. तेलाची विशिष्ट उष्णता ०.५ धरली, तर त्याने गमावलेली उष्णता ४ लाख किलोकॅलरी होते. पाणी तासाला ५०,००० किलो आणि त्याचे तापमान ६ अंशांनी वाढलेले. म्हणजे त्याने घेतलेली उष्णता ३ लाख. उरलेली १ लाख गेली कोठे? हवेत जाणारी उष्णता इतकी मोठी असू शकत नाही. दोन दिवस मी तीच गणिते पुनःपुन्हा केली.

तिसऱ्या दिवशी पाळीवरच्या एका जुन्या ऑपरेटरने विचारले, “भाऊ, बायपासची लाइन पाहिलीस का?” नकाशात तो व्हॉल्व्ह बंद दाखविला होता. प्रत्यक्षात तो पुरता बसत नव्हता आणि त्याच्या पुढची नळी चांगलीच तापलेली होती. तेल मोजणारे मीटर फाट्याच्या अलीकडे होते, तर तापमापक एक्स्चेंजरच्या तोंडाशी. मोजलेल्या तेलापैकी चतुर्थांश तेल उपकरणात शिरतच नव्हते! २०,००० च्या जागी १५,००० घालताच दोन्ही बाजू ३ लाखांवर येऊन मिळाल्या. सूत्र मला येत होते, ऑपरेटरला ते ठाऊक नव्हते; तरी उत्तर त्याच्यापाशी होते. नकाशावरील कारखाना आणि जमिनीवरील कारखाना एक नसतात, हा उमेदवारीचा पहिला धडा होय.

हा धडा केवळ उष्णतेच्या हिशेबापुरता नाही. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम बनविणारा कारखाना होता. हेच रसायन आपल्या वडोदऱ्यातही तयार होते. तेथील सहा रिॲक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढून चौथा व सहावा एका तात्पुरत्या नळीने जोडण्यात आले. त्या जोडकामाचा आराखडा कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेला होता. १ जून १९७४ रोजी ती नळी निकामी होऊन प्रचंड स्फोट झाला आणि २८ माणसे दगावली. जागेवर झालेला बदल नीट तपासण्याची सवय कोणत्याही परीक्षेत लागत नाही. ती लावावयाची, तर विद्यार्थ्याने हातात नकाशा घेऊन लाइनमागून लाइन चालत गेले पाहिजे.

आज मात्र पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्यास कचेरीत बसवून जुने अहवाल वाचावयास दिले जातात. व्यवस्थापनाची अडचण खोटी नाही. धोका असतो, गुपिते असतात आणि शिकविण्यास कोणापाशी वेळ नसतो. पण यावर तोडगाही जुनाच आहे. अमेरिकेत एम.आय.टी.ने १९१६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची प्रॅक्टिस स्कूल सुरू केली, तेव्हा विद्यार्थ्यांसोबत अध्यापकही कारखान्यातच ठेवला. आपल्याकडे पिलानीच्या संस्थेने १९७३ पासून प्रॅक्टिस स्कूलची पद्धती स्वीकारली. एकट्या विद्यार्थ्यास दारात सोडून परत फिरणे, ही उमेदवारी नव्हे.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी कित्येक आज कारखान्यांत जबाबदारीच्या जागी आहेत. आपल्याकडे येणाऱ्या मुलामुलींसाठी फार काही करावयास नको. प्रथम सुरक्षिततेचे नियम शिकवावेत. मग प्रत्येकास एकच, पण खरा प्रश्न द्यावा. ज्याचे उत्तर आपणांसही हवे आहे असा. एखाद्या अनुभवी ऑपरेटरशी त्याची गाठ घालून द्यावी. एक तरी रात्रपाळी त्याला पाहू द्यावी. एका पाळीने दुसरीच्या हाती कारखाना सोपविताना लॉगबुकात काय लिहिले जाते आणि काय केवळ तोंडी सांगितले जाते, ते त्याला तेथेच कळेल. आणि महाविद्यालयातील अध्यापकांस आग्रहाने बोलावून घ्यावे.

ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या पिढीने शिकविलेले आपल्या कामी आले. ते पुढे पोहोचविण्याची पाळी आता आपली आहे.