टंगस्टन वितळतो, तेव्हा दोष कुणाचा?

टिग वेल्डिंगमध्ये आर्क पेटताच टंगस्टनच्या टोकाचा गोळा झाला, की वर्कशॉपमध्ये पहिला ठपका येतो रॉडवर, ‘माल डुप्लिकेट आहे’. नवा रॉड लावूनही तेच झालं, की मशीन दुरुस्तीला जातं. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. धातूंमध्ये याहून जास्त वितळणबिंदू कुणाचाच नाही. असा धातू ऐंशी-नव्वद अँपिअरवर गळू लागला, तर आधी केबल कुठे लावली आहे ते बघावं.

‘अर्थ म्हणजे मायनस’ हा यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. गाडीच्या वायरिंगमध्ये ते खरं असतं, आणि ७०१८ सारखा स्टिक रॉड वापरतानाही होल्डर सहसा प्लसला असतो. पण त्याच इन्व्हर्टर मशीनवर दुपारी टिगचं काम निघतं आणि केबल सकाळच्याच जागी राहतात. डीसी टिगमध्ये टॉर्च मायनसला आणि अर्थ क्लँप प्लसला लागतो. इलेक्ट्रॉन टंगस्टनकडून जॉबकडे धावतात, त्यामुळे साधारण सत्तर टक्के उष्णता जॉबवर पडते आणि टोक शाबूत राहतं. केबल उलट्या लावल्या की हीच उष्णता टंगस्टनवर येते. २.४ मिलिमीटरचा रॉड आर्गॉनमध्ये मायनसवर १५० ते २५० अँपिअर सहज पेलतो, तर प्लसवर जेमतेम १५ ते ३०. तेव्हा रॉड जाडा करून हा दोष झाकता येत नाही. मशीन बंद करून केबल बदला, टोक नव्याने घासा आणि कमी करंटवर भंगाराच्या तुकड्यावर आर्क काढून बघा. टोक टोकदारच राहिलं, तर रॉडमध्ये काही खोट नव्हती.

‘ॲल्युमिनियमला डीसी मशीनवर टॉर्च प्लसला लावली की झालं’ असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यामागे अर्धं सत्य आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्याही वर. आणि टंगस्टन प्लसला असताना हा थर खरोखर फुटून निघतो. मात्र तेवढ्या वेळात टंगस्टनच वितळून जॉबमध्ये पडतो. म्हणून एसी वापरतात: एका अर्ध्या फेऱ्यात सफाई, दुसऱ्यात जॉबला उष्णता. एसीवरही टोकाला मोठा गोळा येत असेल, तर बॅलन्सचा नॉब सफाईकडे जास्त झुकला आहे का ते पाहा.

टोक वितळत नाही, पण काळं-निळं पडतं, तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे पोलॅरिटी बरोबर असते, गॅस कमी पडतो. आर्क विझताच वेल्डर टॉर्च बाजूला नेतो आणि लाल टंगस्टनला हवा लागते. दर दहा अँपिअरला एक सेकंद गॅस चालू राहावा हा जुना हिशेब आजही चांगला. १२० अँपिअरला बारा सेकंद. ‘गॅस वाढवला की बरं’ हेही खरं नाही. नेहमीच्या नोझलला मिनिटाला सात ते दहा लिटर पुरतात. फार वाढवला तर गॅस भोवरे घेतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. मिगसाठी आणलेला आर्गॉन-सीओटू मिश्रणाचा सिलिंडर टिगला जोडणं तर रॉड जाळून टाकण्यासारखंच आहे. लोखंड असो वा स्टेनलेस, आर्गॉन शुद्धच हवा.

टंगस्टन जॉबला किंवा फिलरला टेकला, तर ‘चालेल’ म्हणू नका. डाग लागलेला भाग काढून टोक पुन्हा लांबीच्या दिशेने घासा. आडवे ओरखडे राहिले की आर्क भटकतो.

राहिला रंगाचा प्रश्न. ‘लाल पट्टीच सर्वांत चांगली’ ही समजूत जुन्या पिढीकडून आलेली आहे. लाल रॉडमध्ये दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, ते सौम्य किरणोत्सारी आहे, आणि घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. निळ्या पट्टीचा लँथनमयुक्त रॉड डीसीवर तितकाच चालतो, इन्व्हर्टरच्या एसीवरही चालतो. लाल रॉड संपवायचेच असतील तर मास्क लावूनच घासा, पण पुढची डबी निळ्या पट्टीची मागवा.