सेलवर फिरणारी मोटर

विद्युत मोटर शिकवायला फळ्यावरची आकृती पुरत नाही. ती मुलांनी बनवायलाच हवी. एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना, रबरबँड आणि तांब्याची वाइंडिंगची तार एवढं सामान पुरतं. सेलच्या दोन्ही टोकांना पिना रबरबँडने बसवायच्या, सेलवर चुंबक ठेवायचं आणि तारेच्या वेटोळ्याची टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची.

खरी गंमत तार खरवडण्यात आहे. तिच्यावर इनॅमलचा विद्युतरोधक थर असतो. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं मात्र अर्ध्याच बाजूने. दोन्ही पूर्ण खरवडली, तर अर्ध्या फेरीनंतर बल उलटं ओढू लागतं आणि वेटोळं जागीच झोके खातं. अर्धा थर राखला की नेमक्या त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि वेटोळं मिळालेल्या वेगावर पुढे सरकतं. हे ‘का’ मुलांना स्वतः शोधू द्यावं, आधी सांगू नये.

अशी शेकडो खेळणी अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर कृती, चित्रफिती आणि पुस्तकं मोफत आहेत, मराठीतही.

शिक्षकांनो, चित्रफीत तुम्ही पाहा. वर्गात सामानच न्या. वेटोळं अडलं तर मात्र लगेच काढून घ्या, कारण तार आणि सेल तापतात.