‘गुल’ नको, गूळ लिहा : मोबाईलवर मराठी टायपिंगचे पर्याय

राधानगरी : ‘उद्या माळ बघायला या’ हा निरोप इंग्रजी अक्षरांत पाठवला, तर समोरचा माळ बघायला येणार की माल? इंग्रजीत ‘ळ’ नाही, त्यामुळं दोन्हीला ‘एम-ए-एल’च. गूळ-गुल, वेळ-वेल, मळा-मला यांचीही तीच गत. आपल्या तालुक्यात तर काळम्मावाडी, सोळांकूर, गुडाळ, कसबा तारळे, कसबा वाळवे अशी ‘ळ’ची पेरणीच आहे.

बरेचजण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरतात. यात कुठला शब्द हवाय त्याचा मोबाईल अंदाज बांधतो. अंदाज चुकला तर वरच्या पट्टीतला दुसरा शब्द निवडावा लागतो. गप्पांना हे चालतं. अर्जावर नाव लिहिताना मात्र घाईत ‘ळ’चा ‘ल’ झाला की मग कागद जुळवत फिरायची वेळ येते.

त्यापेक्षा थेट मराठी अक्षरांचा कीबोर्ड बरा. गुगलच्या जीबोर्डमध्ये सेटिंगमधून मराठी भाषा जोडताना दोन्ही प्रकार निवडता येतात. ‘क’ दाबला की वरच्या ओळीत त्याची बाराखडी येते. जोडाक्षराला मध्ये पाय मोडायचा : म, मग पायमोड, मग परत म, झाला ‘म्म’. याला वेळ लागतो हा गैरसमजच. ‘राधानगरी’ इंग्रजी अक्षरांत 11 वेळा बोट टेकून होतं, मराठीत 8 वेळा. ‘काळम्मावाडी’ दोन्हीकडं 11. सुरुवातीला अक्षरं हुडकायला लागतात, तेवढाच काय तो त्रास.

आयआयटी मुंबईनं 2013 मध्ये ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड काढला. त्यात अक्षरावर बोट ठेवलं की भोवती काना-मात्रांचं चक्र उघडतं, हव्या त्या बाजूला बोट सरकवायचं. शाळेत शिकलेली बाराखडी कामाला येते, म्हणून वयस्कर माणसांना ही कल्पना लगेच उमगते.

संगणकावर काम करायचं असलेल्या पोरांनी इनस्क्रिप्ट शिकावा. 1991 मध्ये भारतीय मानक ठरलेल्या या मांडणीत स्वर डावीकडं, व्यंजनं उजवीकडं. ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच बटणावर, ‘ळ’ला शिफ्ट दाबायची. हिंदी, कन्नडलाही हीच रचना.

बोलून टाइप करायची सोयही आहे, पण पाठवण्याआधी गावांची आणि माणसांची नावं वाचून घ्यावीत. आणि जुना कीबोर्ड काढायची गरज नाही. स्पेसबार दाबून धरला की दोन्हींत अदलाबदल करता येते.