दारू पुन्हा सोडताना पहिले चार दिवस जपा : थरथर, झटके आणि 'जिन दिसणे' यामागे काय असते?

कुरखेडा : गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही कुरखेडा-कोरची पट्ट्यात कोण पितो आणि कुठून आणतो, हे सगळ्यांनाच माहीत असते. जंगलात मोहाच्या भट्ट्या आहेत. वैनगंगेपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. कोरचीच्या पुढे छत्तीसगडची हद्द लागते. त्यामुळे बाटली मिळणे कधी थांबले नाही आणि आपली मुस्लिम घरेही यातून सुटलेली नाहीत. फरक एवढाच, की आपल्याकडे ही गोष्ट जास्त लपवली जाते. हराम गोष्ट, वर छोटे गाव, मस्जिदीत सगळे ओळखीचे. मग पोराने किंवा भाईने दारू सोडायची ठरवली की घरचे दार लावून घेतात. 'चार दिवस खोलीत ठेवू, बाहेर कळायला नको' असे ठरते. धोका नेमका याच चार दिवसांत असतो.

दारू मेंदूला सुस्त करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीवर मात करायला स्वतःला जास्त ताणून ठेवायला शिकतो. सायकलचा ब्रेक सतत दाबलेला असेल तर पायडल जोरात मारावे लागते, तसे. एक दिवस ब्रेक अचानक सुटतो, पण पायडल मारणे लगेच थांबत नाही. शरीर सुसाट सुटते. ही नाटके नाहीत, इच्छाशक्तीची कमतरताही नाही.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळ होते, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कधीही मिरगीसारखा झटका येऊ शकतो, आधी कधी आलेला नसला तरी. काहींना भिंतीवर किडे दिसतात, आवाज ऐकू येतात. आणि दुसऱ्या-चौथ्या दिवसांच्या दरम्यान काही जणांची पूर्ण भ्रमिष्ट अवस्था होते. तारीख, जागा कळत नाही, घरच्यांना ओळखत नाही, अंगात ताप, नाडी जोरात, उठून पळतो. यात उपचार मिळाला नाही तर माणूस दगावू शकतो. वेळेत मिळाला तर बहुतेक जण वाचतात.

हीच ती वेळ, जेव्हा घरातले म्हणतात, 'याच्यावर आसेब आहे, जिन दिसतोय.' मग आमिलकडे नेतात, तावीज बांधतात, रात्र जाते. दुआ करा, दम करा, त्याला कोण नको म्हणते? पण दारू सोडल्याला दोन-तीन दिवस झालेल्या माणसाला किडे, साप, पोलीस दिसत असतील तर आधी १०८ ला फोन लावा. दम गाडीत बसूनही करता येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ घरे म्हणतात, 'मागच्या वेळी घरीच सोडली होती, काही झालं नव्हतं.' दारूच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडू शकतो. सोडणे, पुन्हा धरणे, पुन्हा सोडणे असे जितक्या वेळा होते, तितका मेंदू जास्त भडकायला शिकतो. पहिल्या वेळी नुसती थरथर झाली असेल, तर तिसऱ्या वेळी झटका येऊ शकतो. ओल्या लाकडाला पहिल्यांदा आग लावायला वेळ लागतो. वाळले की ठिणगी पुरते. म्हणून मागच्या वेळी झटका किंवा भ्रम झाला असेल तर यावेळी घरी सोडण्याचा विचारच करू नका. वय साठच्या पुढे, कावीळ किंवा लिव्हरचा त्रास, हृदयविकार, साखर, गरोदरपण, डोक्याला मार, सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागण्याची सवय, यातले काहीही असेल तरी तेच.

आपल्या भागात आणखी एक घोटाळा होतो. हा मलेरियाचा जिल्हा आहे. ताप आला, माणूस दवाखान्यात भरती झाला, अर्थातच दारू बंद. तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागतो. हा मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया आहे की दारू सुटल्याचा परिणाम? डॉक्टरांना दोन्ही तपासावे लागते, आणि घरच्यांनी दारूची गोष्ट लपवली असेल तर ते तपासणार कसे? रोज किती, मोहाची की बाटलीची, शेवटची कधी घेतली, याआधी सोडताना काय झाले होते, एवढे खरे-खरे सांगून टाका. डॉक्टर उपचारासाठी विचारतात, पोलिसांसाठी नाही.

रमजानचेही बोलले पाहिजे. 'पहिल्या रोज्यापासून बंद' असा इरादा आपल्याकडे कितीतरी जण करतात. इरादा नेकच आहे. गेल्या काही वर्षांत रमजान मोहफुलांच्या हंगामाजवळ आला आहे, ऊनही तापू लागलेले असते. रोज पिणारा माणूस चांदरातीला शेवटची घेतो आणि सहरीनंतर दिवसभर पाण्याचा घोट नाही. घाम आणि उलट्यांनी अंगातले पाणी जाते, त्यात रोज्यात गोळी घेता येत नाही. रमजानच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांच्या देखरेखीत सोडली, तर पहिला रोजा येईपर्यंत सगळ्यात वाईट दिवस मागे पडतात. ते जमले नाही आणि त्रास सुरू झाला, तर आजाऱ्याला रोजा नंतर कजा करण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे. इमाम साहेबांना विचारा, लाजू नका.

दवाखान्यात काय करतात? मेंदू शांत ठेवणारी गोळी, बहुधा डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, सुरुवातीला पुरेशा मात्रेत देऊन पाच-सात दिवसांत हळूहळू कमी करतात. ही गोळी मेडिकलमधून स्वतः आणू नका, शेजाऱ्याची उरलेली देऊ नका. दारूसोबत पडली तर श्वास मंदावतो, आणि तिचीही सवय लागते. दुसरे औषध ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. फार पिणाऱ्यांच्या अंगात ते संपत आलेले असते. अशा माणसाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणून 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावून द्या' म्हणत गल्लीतल्या डॉक्टरकडे जाण्याआधी तो दारू सोडतोय, हे त्यांना सांगा. सौम्य त्रास असेल तर डॉक्टर घरीच गोळ्या देतात, पण मग रोज तपासणी आणि रात्रंदिवस सोबत एक माणूस हवा.

झटका आलाच तर कुशीवर वळवा, आजूबाजूचे टणक सामान हलवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, पाणी पाजू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. आणि जेवणात गुपचूप मिसळायची 'दारू सोडवणारी पावडर' जाहिरात पाहून आणू नका. तिच्यात काय असते ते कोणालाच माहीत नसते. डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि वरून तो प्यायला, तर जिवावर बेतते.

कुरखेड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, सुरुवात तिथून करता येते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने २०१६ पासून जिल्ह्यात 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी काम चालते. त्यांची तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक असतात. वार आणि वेळ आधी विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. घराबाहेर पडायचीच लाज वाटत असेल तर आधी फोन करा. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मानसिक आरोग्याबद्दल मराठीत बोलता येते, १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दोन्ही मोफत.

आठवडा निघाला की थरथर जाते. झोप मात्र कित्येक आठवडे नीट लागत नाही, चिडचिड राहते, संध्याकाळ झाली की तलफ येते. घरच्यांना वाटते आता बरा झाला, आणि इथेच टोमणे सुरू होतात. तलफ कमी करणारी वेगळी औषधेही आहेत, त्याबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा. भट्टीच्या वाटेने जाणारे जुने सोबती काही महिने तरी दूर ठेवा. मगरिबनंतरचा तास सगळ्यात अवघड जातो, तेव्हा त्याला एकटे सोडू नका. पुन्हा प्यायलाच, तर त्याने मागच्याइतकीच एकदम घेऊ नये हे त्याला आधीच सांगून ठेवा, कारण मधल्या काळात शरीराची सहन करण्याची ताकद उतरलेली असते. आणि त्यानंतर पुन्हा सोडायची वेळ आली तर या वेळेपेक्षाही लवकर, बंद करण्याच्या आधीच, डॉक्टरांना गाठा.