सक्ती आणि वेठ

महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक तरुणास, तो कोणत्याही शाखेचा असो, नागरी व राष्ट्रीय सेवेचे शिक्षण सक्तीने द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. युद्ध झाले, महापूर आला, किंवा तरुणांच्या वर्तनाने वडीलधाऱ्यांस राग आला, की तो उपस्थित होतो. चार व्याख्याने होतात, एखादी समिती नेमली जाते, आणि निमित्त सरले की प्रश्नही निजतो. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. अशी सक्ती असावी, या पक्षाचे आम्ही आहोत. परंतु सक्तीचे नाव निघताच ज्यांच्या अंगात हुरूप संचारतो, त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची तयारी नाही. तरुणांवर सक्ती करण्याचा अधिकार सरकारास व विद्यापीठास केव्हा प्राप्त होतो, आणि कोणती मर्यादा ओलांडली असता त्या सक्तीची वेठ बनते, याचा निर्णय प्रथम झाला पाहिजे. तो करण्यास कोल्हापूरइतके योग्य ठिकाण नाही. आणि गरज डोळ्यांनी पाहावयाची तर पंचगंगेच्या पुलापलीकडील शिरोलीची औद्योगिक वसाहत पाहावी.

पुणे-बंगळूर महामार्गास लागून वसलेल्या या वसाहतीत लोखंडाच्या ओतकामाचे कारखाने दाटीने उभे आहेत. मोटारींचे, इंजिनांचे व पंपांचे सुटे भाग येथे घडतात, आणि परप्रांतांतून आलेले कामगार स्थानिक कामगारांच्या बरोबरीने भट्टीपुढे राबतात. शहर आणि वसाहत यांच्यामधून नदी वाहते. राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४३ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर चढले. दोन्ही वेळा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. मालमोटारींच्या रांगा दिवसचे दिवस जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि शहरात इंधन, दूध, भाजीपाला यांची चणचण भासली. आमच्या व्यापारी वाचकांस हे सांगावयास नको. त्याचा हिशेब त्यांच्या वह्यांत आहे.

त्या दिवसांत मदतीस धावणाऱ्यांची उणीव नव्हती. लष्कर व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही तालमींतील पोरे, व्हाईट आर्मीसारखी स्वयंसेवी पथके, महाविद्यालयांतील विद्यार्थी असे सारे पाण्यात उतरले. परंतु धैर्याची जेवढी विपुलता होती, तेवढीच शिक्षणाची वाण होती. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांस घेऊन निघालेली नाव उलटली व कित्येक जीव बुडाले. नावेत माणसे प्रमाणाबाहेर भरली होती. त्या नावेस हात देणाऱ्यांची बुद्धी परोपकाराचीच होती. परंतु नावेत किती माणसे घ्यावीत, कोणास प्रथम घ्यावे, आणि आक्रोश करणाऱ्यास ‘पुढच्या खेपेस’ असे कोणत्या अधिकाराने सांगावे, हे सद्भावनेतून आपोआप सुचत नाही. ते शिकावे लागते, आणि पाणी चढण्यापूर्वी शिकावे लागते. सेवेच्या शिक्षणाची आवश्यकता याहून अधिक स्पष्ट शब्दांत आम्हांस मांडता येणार नाही.

आता सक्तीविषयी. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याच छत्रपतींनी १९१८ मध्ये महार वतने खालसा करून वेठीच्या मुळावर घाव घातला व पुढे वेठबिगार बंद केली. एका हाताने सक्ती लादणारा राजा दुसऱ्या हाताने वेठ मोडतो, यात विसंगती पाहणाऱ्यास दोहोंतील भेद कळलेला नाही. शाळेची सक्ती मुलाच्या हितासाठी होती. ती ब्राह्मणापासून महारापर्यंत सर्वांस सारखी होती. आणि ती करण्यापूर्वी दरबाराने शिक्षण मोफत करून स्वतःस बांधून घेतले होते. वेठीत यांपैकी काहीच नव्हते. राबणारा एक, फळ खाणारा दुसरा. आणि कोणी राबावे हे जातीने ठरलेले. कोणतीही सक्ती तपासण्यास हीच कसोटी आम्ही पुरेशी मानतो.

आपल्या राज्यघटनेनेही हाच मार्ग धरला आहे. तिच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लावण्याची राज्यास मोकळीक ठेवली, मात्र केवळ धर्म, वंश, जात अथवा वर्ग या कारणावरून त्यात भेद करता येणार नाही असे बंधन घातले. तेव्हा सक्तीच्या सेवेचे नाव काढताच व्यक्तिस्वातंत्र्याचा गळा घोटला अशी ओरड करणाऱ्यांस कायद्याचा आधार नाही. त्याबरोबरच सरकारनेही ध्यानात ठेवावे की ही मोकळीक सार्वजनिक प्रयोजनापुरतीच आहे. एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये किमान वेतनाहून कमी मोबदल्याने घेतलेले कामही वेठीतच मोडते असा निर्णय दिला. उद्या सेवेच्या नावाखाली विद्यार्थ्यांस एखाद्या खासगी कारखान्यात साचे वाहण्यास किंवा मालमोटारी भरण्यास जुंपले, तर तो प्रकार वेठीचा होईल, आणि त्यास विरोध करणाऱ्यांत आम्ही पुढे असू.

हा प्रयोग यापूर्वी झाला नाही असेही नाही. आपल्या रायगड जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये समिती नेमली गेली. माध्यमिक शिक्षण पुरे झालेल्या विद्यार्थ्यांकडून नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा घ्यावी, असे तिने सुचविले. खर्चाचा आकडा व अंमलबजावणीच्या अडचणी पाहून ते तसेच राहिले. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. लागलीच १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. आणि पाचच वर्षांत, १९६८ मध्ये, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. विद्यार्थ्यांची संख्या हुकुमाने एका दिवसात वाढविता आली, परंतु शिकविणारे अधिकारी व साधने हुकुमाने निर्माण झाली नाहीत. तरुण राष्ट्रद्रोही होते म्हणून ती सक्ती मोडली असे नव्हे. सक्ती करणाऱ्यांनी आपला वाटा उचलला नाही म्हणून मोडली.

याच काळात कोठारी आयोग बसला होता. त्याचे सदस्य-सचिव जयंत पांडुरंग तथा जे. पी. नाईक हे आमच्याच आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतील मुख्य पुरुष. खेड्यात राहून शिक्षण कसे द्यावे हे त्यांनी आधी करून पाहिले व मग लिहिले. आयोगाने १९६६ मध्ये समाजसेवा हे शिक्षणाचे अंगच मानले, आणि पदवीच्या विद्यार्थ्याने एकंदर ६० दिवस सेवेत घालवावेत असे सुचविले. त्यानंतर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. परंतु ती ऐच्छिक स्वरूपात.

या योजनेस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे व सात दिवसांच्या एका शिबिरास जावयाचे असते. दिवसाचे आठ तास धरले तर हे ३७ दिवस होतात. म्हणजे कोठारी आयोगाच्या ६० दिवसांतील अर्ध्याहून अधिक वाट स्वेच्छेने जाणारे विद्यार्थी आजही चालतात. परंतु योजनेत येतात ते बहुधा ज्यांना मुळातच आवड आहे ते. ज्यांना ती नाही, ज्यांनी शहराबाहेरची वस्ती मोटारीच्या काचेतूनच पाहिली आहे, त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. अलीकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार सेवा योजना व छात्रसेना यांस सहशालेय विषय म्हणून श्रेयांक मिळू लागले आहेत. श्रेयांक मिळावेत हे योग्यच. परंतु गुण मिळविण्याचा आणखी एक विषय एवढेच रूप तिला आले, तर खड्ड्यात रोप, हातात फलक आणि समोर छायाचित्रकार एवढ्यावर सेवा संपेल. ज्या रोपास पुढच्या उन्हाळ्यात कोणी पाणी घालणार नाही, ते लावून राष्ट्राची कोणती सेवा होते हे आम्हांस कळत नाही.

मग शिकवावे काय? शिरोलीकडे पाहिले की अभ्यासक्रम आपोआप तयार होतो. ज्या जिल्ह्यास पंचगंगा, कृष्णा व वारणा यांचा शेजार आहे, तेथील प्रत्येक पदवीधरास पोहता, बुडणाऱ्यास काढता आणि नावेचा भार ओळखता आला पाहिजे. जेथे दिवसरात्र वितळलेले लोखंड ओतले जाते, तेथे भाजलेल्या अंगावर हळद किंवा दंतमंजन न फासता वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे, हे प्रत्येक सुशिक्षितास ठाऊक पाहिजे. ज्या महामार्गावर अपघात होतात, त्याच्या कडेस राहणाऱ्यास हेही ठाऊक पाहिजे की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातले गेले असून, जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्यास त्याने संरक्षण दिले आहे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने रक्तबंबाळ मनुष्याभोवती नुसते कोंडाळे करून उभे राहणे, हे नागरिक म्हणविणाऱ्यास शोभत नाही. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन काय करते, कामगार विम्याचा अर्ज कसा भरावा, भविष्य निर्वाह निधीची नोंद कशी पाहावी, हे परप्रांतीय मजुरास त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हीदेखील राष्ट्रसेवाच होय. बिहारचा मजूर व कोल्हापूरचा विद्यार्थी एका कागदावर मान घालून बसतील, तेव्हा राष्ट्रीय एकात्मतेचे वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

कवायतीसही आमचा विरोध नाही. शिस्तीने रांगेत उभे राहणे व एकाच्या शब्दावर दहांनी हालणे, याचा पुराच्या रात्री मोठा उपयोग होतो. मात्र या शिक्षणात कोणत्याही पक्षाचा झेंडा, कोणत्याही पंथाचा जयजयकार शिरता कामा नये. राष्ट्रप्रेमाची घोषणा करवून घेता येते. राष्ट्रप्रेम करवून घेता येत नाही. ते सोबतीने केलेल्या कष्टांतून उगवते.

यावर आक्षेप येतील. पहिला गरीब विद्यार्थ्याचा, आणि तो खरा आहे. दिवसा वर्गात बसून रात्री पाळीवर जाणाऱ्या मुलाने साठ दिवस कोठून आणावेत? आमचे उत्तर असे की, त्यास सेवेतून सूट न देता सेवेची जागा व वेळ यांत सवलत द्यावी. तो ज्या कारखान्यात आहे तेथील अग्निशमन व प्रथमोपचार पथकात त्याने घेतलेले शिक्षण मोजावे, आणि सेवेच्या दिवसांचा प्रवास, जेवण व विमा सरकारने भरावा. कर्मवीर भाऊराव पाटील हे याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोजला जन्मले. ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग त्यांनी घालून दिला, तो गरिबाचे शिक्षण थांबू नये म्हणून. त्यांच्या भूमीत सेवेच्या नावाने गरिबाची रोजी बुडू नये.

दुसरा आक्षेप श्रीमंतांचा येईल, आणि तो उघडपणे न येता मागील दाराने येईल. शासकीय महाविद्यालयांतून वैद्यकीय पदवी घेणाऱ्यांवर या राज्यात सेवेचे बंधन आहे. परंतु दंडाची रक्कम भरून सुटका करून घेण्याची वाट बरीच वर्षे उघडी होती, आणि ती कोणासाठी उघडी होती हे सांगणे न लगे. जी सेवा पैशाने टाळता येते, ती सक्ती नसून गरिबावरील कर आहे. मेक्सिको देशात १९४५ च्या कायद्यान्वये पदवीपूर्वी सामाजिक सेवा करावी लागते; नायजेरियात यादवी युद्धानंतर १९७३ पासून पदवीधर वर्षभरासाठी सेवेस जातात, आणि बहुधा आपल्या प्रांताबाहेर. त्या देशांच्या योजना निर्दोष आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु गरीब म्हणविणारी राष्ट्रेही हे करतात, तेव्हा ते अशक्य आहे ही सबब आपण सांगू नये.

तिसरा आक्षेप मुलींच्या पालकांचा. पुराचे पाणी घरात शिरताना ते स्त्री-पुरुष पाहत नाही. आणि निवारा छावणीत स्त्रियांची विचारपूस करण्यास स्त्रियाच लागतात. सुरक्षिततेची हमी संस्थेने द्यावी, सूट मात्र मागू नये.

आमच्या मते यास आरंभ करण्यास दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शिवाजी विद्यापीठ, जिल्हा प्रशासन व शिरोलीचे कारखानदार यांनी एकत्र बसून तीन वर्षांत साठ दिवसांची योजना आखावी: पहिल्या वर्षी शिक्षण, दुसऱ्या वर्षी सराव, तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष सेवा. कारखानदारांनी अग्निशमनाचे जाणकार, जागा व साधने द्यावीत. विद्यार्थ्यांकडून उत्पादनाचे एक कवडीचेही काम घेऊ नये. शिक्षक, नावा, दोर, जीवरक्षक कपडे यांची मोजदाद करून जेवढ्यांस नीट शिकविता येईल तेवढ्याच महाविद्यालयांपासून सुरुवात करावी. दरवर्षी किती जण पोहण्यास शिकले, किती पथके तयार झाली, खर्च किती झाला, याचा ताळेबंद लोकांपुढे ठेवावा. ज्या वर्षी तो ठेवला जाणार नाही, त्या वर्षी विद्यार्थ्यावर सक्ती करण्याचा अधिकारही संस्थेस राहू नये.

शाहू छत्रपतींनी एक रुपया दंड ठेवण्यापूर्वी शाळेचे दार फुकट उघडले होते. विद्यापीठाने व सरकारने तेवढे आधी करावे. मग कोल्हापूरचा तरुण मागे राहिला, तर त्यास दोष देण्यास आम्ही मोकळे राहू. पावसाळा दरवर्षी येतो, आणि पंचगंगा कोणत्याही समितीच्या अहवालासाठी थांबत नाही.