‘पेशंट’ आणि ‘ॲडिक्ट’

इंग्रजी भाषेंत ‘ड्रग’ हा शब्द औषधासही लागतो व मादक द्रव्यासही लागतो. परंतु तें घेणाऱ्यास मात्र निरनिराळीं नांवें मिळतात. औषध घेणारा तो ‘पेशंट’. हा शब्द ‘सोसणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला आहे. नशेच्या आहारीं गेलेला तो ‘ॲडिक्ट’. रोमन कायद्यांत, कर्ज न फिटल्यामुळें सावकाराच्या स्वाधीन केलेल्या ऋणकोस ‘ॲडिक्टस’ म्हणत. त्याच कुळांतील हा शब्द. म्हणजे एक सोसणारा, तर दुसरा बांधलेला. तरी पहिल्याची आम्हीं कींव करितों व दुसऱ्याचा तिरस्कार!

या दोहोंमधील अंतर फारसें नाहीं. १८९८ सालीं जर्मनीच्या बायर कंपनीनें ‘हेरॉइन’ हें खोकल्याचें औषध म्हणून विकावयास आणिलें. तेंच पुढें घातक व्यसन ठरलें. २०१७ सालीं असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेनें, मनुष्यास ‘ॲडिक्ट’ न म्हणतां ‘व्यसन जडलेली व्यक्ति’ अशा तऱ्हेनें लिहावें, असें सुचविलें.

आपल्या ‘व्यसन’ शब्दाचाही संस्कृतांत ‘संकट’ असा अर्थ आहे. मित्रहो, संकटांत सांपडलेल्यास नांवें ठेवावयाचीं कीं हात द्यावयाचा, याचा विचार आपण बोलण्यापूर्वींच करूं या.