फक्त ३१ हजार चाललेली गाडी

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी मिळाली! २०१६ चं मॉडेल, डिझेल, फर्स्ट ओनर, आणि रनिंग फक्त ३१ हजार!" त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांपेक्षा एजंट ५० हजार रुपये जास्त मागत होता आणि भाचा ते आनंदाने द्यायला निघाला होता. कारण एकच, मीटरवरचा तो आकडा.

ओळखीतली मंडळी सेकंडहँड गाडी घेण्याआधी मला सोबत नेतात, त्याला आता बरीच वर्षं झाली. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रनिंग किती झालंय?" अपघात झाला होता का, सर्व्हिस कुठे व्हायची, बिलं आहेत का, हे नंतर, कित्येकदा विचारलंच जात नाही. कमी चालली म्हणजे चांगली, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की त्यापायी शहाणीसुरती माणसं डोळे मिटून पैसे मोजताना मी पाहिली आहेत. म्हणून आज त्याच्याचबद्दल सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तो आकडा खरा आहे हे कशावरून? ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी सरकारमान्य तपासणी करावी लागते. प्रत्येक तपासणीत मीटरचा आकडा नोंदवला जातो, आणि गाडीचा नंबर टाकून कोणीही तो इतिहास इंटरनेटवर फुकट पाहू शकतो. जर्मनीत मीटरशी छेडछाड केली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, तसं त्यांच्या वाहतूक कायद्यातच कलम आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि तोवर तिला फिटनेसच्या तपासणीला जावं लागत नाही. पीयूसी दरवर्षी काढतो, पण ती धुराची चाचणी. गाडी किती झिजली याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणजे पहिली १५ वर्षं गाडी किती चालली याचा आपल्या हातातला मुख्य पुरावा गाडीच्या मीटरवर असतो, आणि ती गाडी विकणाऱ्याच्या ताब्यात असते.

"पण मामा, मीटर डिजिटल आहे, ते कसं मागे फिरवणार?" हेही मी शंभरदा ऐकलं आहे. जुन्या मीटरमध्ये दातेरी चाकं असायची, त्यामुळे मागे फिरवलं की आकडे वाकडे बसत आणि चोरी डोळ्यांना दिसायची. डिजिटल मीटरमध्ये तो आकडा एका चिपमध्ये साठवलेला असतो, आणि साधन हाताशी असलेला माणूस तो काही मिनिटांत बदलतो. डोळ्यांना दिसेल अशी खूण मागे राहत नाही. डिजिटल झाल्याने मीटर सुरक्षित झालं नाही, उलट पाडायला सोपं झालं.

रविवारी आम्ही चिंचवडला गाडी बघायला गेलो. बाहेरून चकाचक, पॉलिश नुकतंच मारलेलं. मी आधी दार उघडून खाली वाकलो. ब्रेकच्या पेडलवरचं रबर उजव्या कडेला पार झिजून आतलं लोखंड चमकत होतं. स्टिअरिंगवर जिथे हात धरतात तिथला खरखरीतपणा जाऊन काचेसारखा गुळगुळीतपणा आला होता. सीटवर मात्र करकरीत नवं कव्हर. मग टायर पाहिले. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरवर २३२१ होतं, म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातले टायर. मी एजंटला सहज विचारलं, "टायर बदललेत का?" तो म्हणाला, "नाही हो साहेब, कंपनीचेच आहेत." २०१६ च्या गाडीला २०२१ चे टायर कंपनीतून कसे येतील? बरं, तेही खाचेतल्या खुणेपर्यंत घासलेले. टायरचा एक जोड साधारण ४० हजार किलोमीटर सहज जातो. कंपनीचा जोड संपला, दुसराही संपत आला, आणि गाडी म्हणे ३१ हजारच चालली.

मूळ मालकाचा नंबर द्यायला एजंटाने बरेच आढेवेढे घेतले. शेवटी मिळाला. मालक सज्जन निघाले. म्हणाले, "मी दिली तेव्हा गाडी १ लाख ६ हजार चालली होती." त्यांनी त्यांच्याकडच्या शेवटच्या सर्व्हिसच्या बिलाचा फोटोही पाठवला. त्यावर किलोमीटरच्या रकान्यात लिहिलं होतं ८८,४१२.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या भागाची. ती गाडी वाईट नव्हती! मालकांनी वेळच्या वेळी ऑइल बदललं होतं, काम चांगल्या ठिकाणी केलं होतं. १ लाख ६ हजार चाललेली गाडी म्हणून योग्य भावात ती खुशाल घ्यावी अशी होती. पण मीटर पाडलं की बिलं लपवावी लागतात, आणि बिलांसोबत गाडीचं आयुष्य पुसलं जातं. त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनी बदलायचाच असतो. नवा मालक मीटरवर ३१ हजार बघून निर्धास्त राहतो. एक दिवस घाटात बेल्ट तुटतो, पिस्टन वाल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. मीटर पाडणारा ५० हजार रुपये जास्तीचे घेतो ते घेतोच, वर पुढच्या देखभालीचं वेळापत्रकही चोरतो.

आता समजा आकडा खरा आहे, गाडी खरोखर कमी चालली आहे. तरीही ती चांगलीच असेल असं नाही. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एका काकांची पेट्रोल गाडी सात वर्षांत १४ हजार चालली. मंडई, बँक, देऊळ, की परत पार्किंगमध्ये. त्यांनी विकायला काढली तेव्हा मी पाहायला गेलो. टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूच्या रबराला केसाएवढ्या भेगांचं जाळं. बॅटरी मेलेली. ब्रेक ऑइल एकदाही बदललेलं नव्हतं, आणि ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावंच लागतं. बॉनेटच्या आत उंदरांनी वायरी कुरतडून कापसाचं घरटं केलेलं. टायर, बॅटरी, वायरिंग, सगळी ऑइलं मिळून खर्च ४५ हजारांच्या पुढे गेला. रबर, बॅटरी आणि ऑइल यांना किलोमीटरइतकंच वयही लागतं.

इंजिनाचं तर आणखी वेगळं आहे. ते किती किलोमीटर गेलं यापेक्षा किती तास आणि कशा अवस्थेत चाललं, हे महत्त्वाचं. पुण्याच्या गर्दीत ताशी २० चा सरासरी वेग धरला तर ३० हजार किलोमीटरला इंजिन १,५०० तास चालतं. तेच एक्स्प्रेसवेवर ताशी ७५ ने ९० हजार किलोमीटर गेलेली गाडी १,२०० तास चाललेली असते. तिप्पट अंतर, तरी कमी तास. शिवाय शहरातली गाडी दर दहा मिनिटांनी बंद-चालू होते. इंजिन पुरतं तापतच नाही, न जळलेलं इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते, आणि थंड इंजिन सुरू होतानाच्या क्षणांत झीज जास्त होते. क्लच, गिअर, ब्रेक यांचे हाल वेगळेच.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत तर हा समज उलटा पडतो. धुरातली काजळी अडवायला त्यांच्यात डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो, त्यासाठी गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. घर ते ऑफिस चार किलोमीटर जाणाऱ्या डिझेल गाडीचा डीपीएफ तुंबतो, आणि बदलायची वेळ आली तर बिल पाहून घाम फुटतो. म्हणून कमी चाललेली, फक्त शहरातच वापरलेली बीएस ६ डिझेल दिसली की मी दुप्पट काळजीने पाहतो.

उलट बाजूची उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोरच होती. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ती रस्त्यावरून उतरली. तिला थांबवलं नियमाने. अमेरिकेतले निवृत्त शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ ची एक व्होल्व्हो २०१३ पर्यंत ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटरांहून जास्त चालवली. ऑइल आणि सर्व्हिसच्या बाबतीत ते काटेकोर होते. याचा अर्थ लाखभर चाललेली प्रत्येक गाडी उचलावी असा नाही. क्लच, सस्पेन्शन, इंजेक्टर यांचा खर्च दाराशी उभा असतो आणि किमतीत तो वजा व्हायलाच हवा. पण बिलांच्या फाइलसकट आलेली १ लाखाची गाडी आणि कोऱ्या इतिहासाची ३१ हजारांची गाडी यांत मी दर वेळी पहिली निवडेन.

किमतीबद्दलही गैरसमजांची कमी नाही. 'हिला रिसेल आहे, म्हणजे गाडी भरवशाची' हे त्यातलं सर्वांत लाडकं वाक्य. रिसेल मागणीवर ठरते. तालुक्याच्या गावीही मेस्त्री आणि पार्ट मिळतात का, सीएनजी आहे का, यावर ती हलते. भरवसा मोजायचा तर बिघाडांची नोंद लागते. जर्मनीतला ट्यूव्ह अहवाल लाखो तपासण्यांवरून कोणत्या मॉडेलमध्ये किती दोष सापडले हे गाड्यांच्या वयाच्या गटांप्रमाणे दरवर्षी छापतो. आपल्याकडे तपासणीच नाही, म्हणून चर्चा 'माझ्या मेहुण्याची गाडी' इथेच फिरत राहते.

'पॉलिसीत आयडीव्ही एवढी आहे, तेवढीच किंमत द्या' असा आग्रह धरणारेही भेटतात. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या कोष्टकाने उतरते, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तुमच्या गाडीची अवस्था तिला माहीत नसते. 'जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागला, आता गाडी १८ टक्क्यांनी महाग' ही आवई डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या जीएसटी परिषदेनंतर उठली आणि अजून फिरते आहे. तो कर फक्त नोंदणीकृत विक्रेत्याला, तोही त्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. तुम्ही शेजाऱ्याला गाडी विकलीत तर लागत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. त्याआधीचं बिल दाखवून भाव सांगणाऱ्याला नव्या गाडीची आजची किंमत दाखवा.

बाकीचे भराभर. 'डॉक्टरांची गाडी आहे': डॉक्टरही गर्दीतच गाडी चालवतात, सर्व्हिसची बिलं मागा. 'दिल्लीची गाडी स्वस्त पडते': एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पुन्हा नोंदणी, हे सगळं धरून बेरीज करा. 'इन्शुरन्सने टोटल लॉस केलेली गाडी भंगारातच जाते': जात नाही, लिलावात विकली जाते आणि दुरुस्त होऊन परत येते, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतरची गाडी बघताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधा. 'ई२० पेट्रोलने जुनी गाडी लगेच बाद होते': होत नाही, पण जुन्या गाडीचं ॲव्हरेज सुमारे ६-७ टक्के घटू शकतं हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे. 'विमा गाडीसोबत येतो, नो क्लेम बोनसही येतो': बोनस जुन्या मालकाचा, त्याच्याकडेच राहतो, आणि पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज करावा लागतो.

एक गैरसमज मात्र विकणाऱ्यांचा आहे, आणि तो एका ओळीत उरकता येत नाही. 'गाडी दिली, पैसे आले, आपला संबंध संपला.' मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडीची नोंदणी त्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी २००७ मध्ये विकली गेली होती, पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये तिला अपघात झाला, आणि नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिलेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. भाच्याला ज्यांनी प्रामाणिकपणे खरा आकडा सांगितला, त्या गृहस्थांनी गाडी एजंटला देऊन चार महिने झाले होते. मी त्यांना पुन्हा फोन करून विचारलं, आरसी कोणाच्या नावावर आहे? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्याच." दुसऱ्या दिवशी सकाळी ते आरटीओत गेले.